चौकस कॅमेऱ्याचा तपासनीस

तौकीर हा माझ्या बहिणीचा मुलगा. त्याने मला आपल्या कारखान्याचा दर्जा तपासणी प्रमुख नेमलं ते माझी योग्यता पाहून, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. खरी गोष्ट निराळी होती. कुठल्याशा ऑनलाइन अर्जात 'दर्जा तपासणी अधिकाऱ्याचे नाव' असा एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नव्हता. तौकीरने आधी स्वतःचं नाव टाकलं. संगणक म्हणाला, मालक आणि तपासनीस एकच असू शकत नाही. मग त्याने 'लागू नाही' असं टाकलं, तर संगणकाने श्री. लागू नाही यांचा मोबाईल नंबर मागितला. त्या वेळी मी समोर बसून चहा पीत होतो आणि माझ्याकडे मोबाईल होता. एवढीच माझी पात्रता.

कारखाना हा शब्दही सांभाळून घ्यावा. शेलूबाजारला हमरस्त्यालगत, टायरच्या दुकानामागे दोन खोल्या, हा तो कारखाना. दिल्लीहून सुट्या भागांची खोकी येत. लेन्स, सर्किट, प्लास्टिकचं अंग, सगळं वेगवेगळं. तौकीर आणि त्याची बायको नमरा ते जोडत, वर 'चौकस' अशी चिठ्ठी लावत आणि झाला पहारा देणारा कॅमेरा तयार. मी शाळेत तीस-एक वर्षं मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेला माणूस. विजेच्या वस्तूंमधलं माझं ज्ञान बल्ब बदलण्याइतकं, आणि तेही खाली बायकोने, हुस्नाबानोने, स्टूल धरलं तर. पण प्रमुख म्हटलं की माणसाच्या पाठीचा कणा आपोआप सरळ होतो. मी एक पांढरा कोट शिवून घेतला. शिंप्याने त्याला चुकून एकच बाही आखूड केली. तपासनिसाचा कोटच तपासणीत नापास होणारा निघाला, पण मी बाही दुमडून घेतली आणि कामाला लागलो.

ही बातमी शेजारी हसनैनभाईंना कळली. ते एसटीत कंडक्टर होते, आणि कंडक्टर म्हणून सगळ्या जिल्ह्याला त्यांनी जे ऐकवलं, ते आता एकट्या मला ऐकवतात.

"वॉटरप्रूफ लिहेल हाय ना त्याच्यावर?" ते म्हणाले. "मंग बादलीत बुडवून पाहा. कागदावरचं कायले मानता?"

मला ते शास्त्रीय वाटलं. अंगणात बादली भरली, कॅमेरा आत सोडला आणि हातात मोबाईल धरून चित्र बघत बसलो. आधी बादलीचा तळ दिसला. मग बुडबुडे दिसले. मग काहीच दिसलं नाही. मी निकाल लिहून दिला: नापास. तौकीरने कपाळावर हात मारला.

"मामू, पावसात टिकला पाहिजे एवढंच आहे त्याचं. पोहाले नाही पाठवत आपन त्याले."

माझा मान दुखावला. इथून पुढे मी बादलीचा नाद सोडला आणि ज्या विषयात मला कोणी हरवू शकत नाही त्याकडे वळलो. कॅमेऱ्यासोबत एक माहितीपत्रक जायचं. दिल्लीहून आलेलं ते मराठी मशीनने केलेलं होतं. 'कॅमेरा भिंतीवर ठार बसवा, डोळ्याला ओला हात खाऊ घालू नका' असं त्यात होतं. ते पत्रक मी लाल पेनाने असं धुऊन काढलं की वाशीमच्या छापखान्यातला माणूस म्हणाला, लग्नपत्रिकासुद्धा इतक्या शुद्ध नसतात. चिठ्ठी तिरपी लागलेले कॅमेरे मी परत पाठवू लागलो. स्क्रूच्या खाचा एका रेषेत नसल्या तरी परत. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र काही केल्या एकोणीसशे सत्तर साल सोडत नव्हतं. त्याला मी पास केलं. वेळ दाखवणं हा काही कॅमेऱ्याचा मुख्य धंदा नाही, असं माझं म्हणणं पडलं. शिवाय प्रत्येक खोक्यावर 'तपासनीस: फय्याज मास्तर' असं नाव आणि खाली माझा नंबर छापायला लावला. हट्टाने लावला. त्याचे परिणाम मी भोगले.

दिवाळीच्या तोंडावर धनसिंग आला. डोंगरापलीकडच्या तांड्यातला. दिवाळी झाली की तांड्यातली बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, धनसिंग आणि त्याची बायको शीलाही जायचे. पण म्हातारी आई, भुरीबाई, या वर्षी येत नाही म्हणून अडून बसली होती.

"मास्तर, ह्याच्यात माय दिसन का मले? तिकडून, फडातून?"

"स्पष्ट दिसेल."

"हालली-डुलली तं समजन?"

"अरे, पापणी लवली तरी समजेल," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा तौकीर खोकला. मी त्याला धुळीची सवय नाही असं समजलो.

धनसिंगचं पाहून तांड्यातल्या आणखी काही घरांनी मागणी केली. आमची ही पहिली एकगठ्ठा ऑर्डर. नेमकी त्याच आठवड्यात नमरा माहेरी, कामरगावला लग्नाला गेली. मग कॅमेऱ्याचं पुढचं झाकण बंद करायचं शेवटचं काम मी स्वतःकडे घेतलं. म्हटलं, माझ्या तपासणीनंतर दुसऱ्याचा हातच लागायला नको. टेबलावर एका पिशवीत काळ्या रबराच्या गोल पट्ट्या पडल्या होत्या, बांगड्यांसारख्या. खोक्यांना बांधून आलेलं काहीतरी असावं. टेबल स्वच्छ असल्याशिवाय दर्जा येत नाही, हे माझं तत्त्व. म्हणून मी ती पिशवी घरी नेली. हुस्नाबानो कुठलीही वस्तू वाया जाऊ देत नाही.

कॅमेरे मी जातीने तांड्यावर बसवले. म्हणजे तौकीर शिडीवर होता आणि मी खालून "डावीकडे, थोडं उजवीकडे" असं म्हणत होतो. भुरीबाई खाटेवर बसून ओढणीला आरसे लावत होती. तिने एकदा वर पाहिलं.

"माह्यावर पहारा कायले? मी का पळून चालली?"

"पहारा नाही माय," धनसिंग म्हणाला. "तू दिसशीन मले रोज."

कॅमेऱ्यासमोर काही हललं की त्यातून एक बाई बोलायची, "सावधान, आपली हालचाल टिपली जात आहे." भुरीबाईने त्या आवाजाकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "टीप बाई, टीप. दुसरं काय काम हाय तुले?" आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागली.

लोक फडावर गेले आणि थंडी पडली. आणि माझा मोबाईल वाजू लागला.

"मास्तर, आमची बकरी गुलाबी दिसून राह्यली."

"शेजाऱ्याची असेल," मी म्हणालो.

"शेजाऱ्याची बी गुलाबी हाय. लिंबाचा पाला जांभळा हाय. अन् माय तं धुक्यात बसेल हाय."

"हिवाळा आहे, धनसिंग. धुकं पडलं तर धुकंच दिसणार. यावरून आपला कॅमेरा किती खरं दाखवतो ते पाहा."

"दुपारचे बारा वाजले ना मास्तर!"

मी त्याला मोबाईलची काच पुसायला सांगितली. हाच सल्ला मी सगळ्यांना दिला. एका गृहस्थाने काच इतकी पुसली की तिच्यावरची संरक्षक पट्टी निघाली, आणि तिचाही हिशेब तो माझ्याकडे मागू लागला. हसनैनभाईंनी माझी पडलेली मान पाहून उपाय सुचवला. "तांदळाच्या डब्यात ठेवा कॅमेरा. मोबाईल पाण्यात पडला तं आमी तसंच करतो."

"कॅमेरा तांड्यावर भिंतीवर आहे, हसनैनभाई."

"मंग डबा नेऊन लटकवा," ते म्हणाले. कंडक्टरकीत त्यांना कुठल्याच प्रवाशाला 'जागा नाही' म्हणता येत नसे, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

मी तौकीरला काही बोललो नाही. तक्रारी येतात हे सांगितलं असतं तर खोक्यावरचं माझं नाव निघालं असतं. मनाची समजूत घातली की थंडी गेली की धुकंही जाईल.

मग एका सकाळी, मी भाकरीचा पहिला घास मोडतोय तोच धनसिंगचा फोन आला. या वेळी त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता.

"मास्तर, माय हालून नाही राह्यली."

"म्हणजे?"

"सकायी कोयता घेऊन निंगालो तवा पाह्यलं, खाटेवर बसेल होती, मान खाली घालून. आता परत पाह्यलं. तशीच हाय. मान तशीच, हात तसाच. तिचा फोन बंद हाय. मास्तर, तांड्यावर कोनाचाच फोन लागून नाही राह्यला. तुमचाच नंबर हाय माह्याजवळ, खोक्यावरचा."

पलीकडे शीला रडत होती ते मला ऐकू येत होतं. मी त्याला विचारलं, कोपऱ्यातली वेळ बघ, ती पुढे सरकते का? तो म्हणाला, "तिथं तं एकोणीसशे सत्तर लिहेल हाय, मास्तर. पहिल्या दिवसापासून." घड्याळ मीच पास केलं होतं. चालू असतं तर चित्र आत्ताचं की सकाळचं हे एका नजरेत कळलं असतं.

कॅमेरा खरा असेल तर भुरीबाई गेली. कॅमेरा खोटा असेल तर मी गेलो. त्या सकाळी शेलूबाजारच्या रस्त्यावर जीप शोधत धावताना आयुष्यात पहिल्यांदाच मी मनापासून दुआ मागितली, की या अल्लाह, माझा माल खराब निघू दे.

जीपवाला सीटा भरल्याशिवाय हलत नव्हता. वाटेत मी कारखान्यातून सोबत घेतलेला तौकीर म्हणाला, सगळ्या सीटा आमच्या. तरी हसनैनभाई मागच्या दाराने चढलेच आणि प्रत्येक वळणावर ड्रायव्हरला गिअर सांगू लागले. एकदा तर सवयीने त्यांनी पत्र्यावर थाप मारून जीप थांबवली आणि कोण उतरणार म्हणून विचारलं. धनसिंगचा फोन दर थोड्या वेळाने येत होता. "पोचले का? माय अजून तशीच हाय."

तांडा ओस होता. दारोदारी कुलपं, ओट्यांवर पालापाचोळा. आम्ही धनसिंगच्या अंगणात शिरलो आणि मी जागीच उभा राहिलो. खाट रिकामी होती.

"धनसिंग," मी फोनमध्ये म्हणालो, "मी अंगणात आहे."

"मास्तर, कुठं हा तुमी? मले नाही दिसून राह्यले."

"अरे, मी कॅमेऱ्याच्या बरोबर समोर उभा आहे." मी हात वर केला. दोन्ही हात हलवले. मग एका उडीत जमेल तेवढा उंच गेलो. हसनैनभाईही उड्या मारू लागले.

"नाही ना. मले माय दिसते खाटेवर. तुमी नाही दिसत."

"खाटेवर कोणी नाही!"

मग तो हळूच म्हणाला, "मंग माय कुठं हाय?"

तौकीर घरामागे धावला, हसनैनभाई विहिरीकडे गेले. विहिरीकडे का गेले ते मी विचारलं नाही. मी तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो आणि भुरीबाईला हाका मारू लागलो. माझी हाक ऐकून पहिल्यांदा आली ती बकरी. गुलाबी नव्हती, चांगली काळी होती. तिच्या मागून डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन भुरीबाई.

"कायले आरडून राह्यले?" ती म्हणाली. "कोन मेलं?"

मी खाली बसलो. अगदी जमिनीवर, पांढऱ्या कोटासकट. घरामागून धावत आलेल्या तौकीरने धनसिंगला व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या हातात दिला. धनसिंगला आई दिसली तसा तो गडी रडायलाच लागला, भर फडात.

"काहून रडतं रे?" ती म्हणाली. "सकायी आरसे लावत होती मी, दोरा घुसत नव्हता सुईत. मंग पाला आनाले गेली."

"फोन काहून बंद हाय तुहा?"

"चार्ज कायले करू? येते का कोनाचा फोन? हे डबडं लावलं तवापासून एक फोन नाही तुहा."

"रोज पायतो ना माय तुले. सकायी, संध्याकायी."

"तू पायतो," भुरीबाई म्हणाली. "मले कोन दिसते?"

तिने फोन जरा दूर धरला, जरा जवळ धरला, आणि म्हणाली, "बारीक झाला रे तू. शीला कुठं हाय? दाखव तिले." मग त्या तिघांचं त्यांच्या बंजारा बोलीत बराच वेळ चाललं, ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायचं कारणही नव्हतं.

मधल्या वेळात तौकीरने शिडी लावून कॅमेरा उतरवला. पुढचं झाकण फिरवलं तर आत साचलेल्या दवाच्या पाण्याची धार माझ्या पायजम्यावर आली. सर्किटवर हिरवट गंज चढला होता, आणि सकाळी भुरीबाई सुई ओवत असतानाच कधीतरी चित्र जाम झालं होतं.

"मामू, रबर कुठं आहे?"

"कोणतं रबर?"

"झाकनाच्या आत बसते, काळं, गोल. त्याच्यामुळंच तं पानी आत येत नाही. नमरा नव्हती तवा झाकनं तुमीच लावली ना?"

हसनैनभाई विहिरीकडून येत होते. त्यांनी आल्या आल्या "मी म्हटलंच होतं" असं सांगितलं. काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर हुस्नाबानो फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या पुसत होती. प्रत्येक बरणीच्या झाकणाखाली एक काळी गोल पट्टी.

"अजी, तुमचं थे रबर लय झकास निंगालं," ती खुशीत म्हणाली. "यंदा एका बी बरनीत हवा गेली नाही. कनभर बुरशी नाही."

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने बरण्या उघडल्या, पट्ट्या साबणाने धुतल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. तौकीर दिल्लीहून नव्या मागवेपर्यंत थांबायला मी तयार नव्हतो. दुसऱ्याच दिवशी आम्ही तांड्यावरच्या प्रत्येक घराचा कॅमेरा उतरवून वाळवला. बिघडलेले बदलले, तौकीरने घड्याळं सुधारली, पट्ट्या बसवल्या. धुऊनही त्यांचा वास गेला नव्हता. कैरी आणि मेथीचा. धनसिंगच्या घरी कोरा कॅमेरा लावला, आणि त्या वेळी मी शिडीवर होतो, तौकीर खालून सांगत होता. चित्र असं लख्ख आलं की भुरीबाईच्या ओढणीवरचे आरसे मोजून घ्यावेत.

त्यानंतर काही दिवसांनी धनसिंगचा फोन. "मास्तर, अंधार झाला. काहीच नाही दिसत."

कोणालाही न सांगता मी तडक तांड्यावर गेलो. कॅमेऱ्यावर एक वेताचं टोपलं पालथं टांगलेलं होतं. भुरीबाई खाली खाटेवर बसली होती, मांडीवर फोन, पूर्ण चार्ज केलेला.

"हे काय, बाई?"

"दिवसभर पाहू दे त्याले," ती म्हणाली. "पन दिसत नाही तवाच फोन करते तो. रोज संध्याकायी थोडा वेळ टोपलं टाकतो मी. तुमी त्याले काही सांगू नका."

"पण तो मला विचारणार! मी काय सांगू?"

"सांगा ना, डबडं बिघडलं म्हनून. तुमचं बिघडतेच."

अशा प्रसंगी तपासनिसाने काय करावं हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही. मी टोपलं नीट टांगलं, कारण ते तिरपं होतं, आणि परत आलो. तेव्हापासून संध्याकाळी अधूनमधून धनसिंग मला फोन करतो आणि मी गंभीर आवाजात त्याला सांगतो की होय, दोष आहे, उत्पादनातलाच आहे, चूक सर्वस्वी आमची आहे, दुरुस्ती होईपर्यंत आईला फोन लावून तिची खुशाली विचारून घ्यावी. तौकीर शेजारी बसून दातओठ खातो. त्याच्या मते आजवर निघालेला सर्वांत निर्दोष कॅमेरा तोच आहे आणि मी त्याची बदनामी करतोय.

परवा मी असाच सगळा दोष पदरात घेऊन, क्षमा मागून, फोन ठेवणार होतो. तेवढ्यात धनसिंग म्हणाला, "मास्तर, एक सांगू? टोपलं हाय ना तिथं?"

"तुला कसं कळलं?"

"टोपलं टाकताना मायचा हात दिसते ना. पहिल्या दिवसापासून मालूम हाय. चित्र लय साफ हाय तुमचं."

"अरे, मग मला कशाला फोन करतोस? सरळ आईलाच लाव की!"

"तिले लावतोच. पन आंधी तुमाले लावतो," तो म्हणाला. "आमची सारी टोळी फोनभोवती बसते, मास्तर. इथं फडात कायबी बिघडलं तं चूक आमच्याच माथी येते. तुमी 'चूक आमचीच आहे' म्हनता ना, थे ऐकाले लय बरं वाटते."